गाडीचा टेप घेताना कान जागे ठेवा

बीड जिल्ह्यात जीप, टेम्पो, पिकअप यांवर संसार चालवणारी आपली कितीतरी माणसे आहेत. दिवसाचे दहा-बारा तास गाडीतच जातात, म्हणून टेप हवा. कॅसेट गेली, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथ आले, पण तोंडी नाव टेपच राहिले. हा टेप घेताना आपला भाऊ खोक्यावरचा आकडा पाहतो आणि तिथेच फसतो.

खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. ही ताकद क्षणभराची. इंजिन चालू असताना गाडीत जेमतेम १४ व्होल्ट मिळतात, स्पीकर बहुधा ४ ओहमचा. एवढ्यात साध्या टेपला एका स्पीकरमागे २५ वॅटच्या वर स्वच्छ आवाज सलग देताच येत नाही. प्रत्यक्षात १५ ते २० मिळतात. तेव्हा बारीक अक्षरात ‘आरएमएस’ पुढे काय लिहिले आहे ते वाचावे. तो आकडाच नसेल तर खोके दुकानदाराला परत द्यावे, असे आमचे मत आहे.

आवाज पारखायला दुकानदाराचे धडधडणारे गाणे नको. आपले तोंडपाठ गाणे न्यावे. वामनदादा कर्डकांचे एखादे गीत लावा, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज लावा. शब्द न् शब्द कळतो का? ढोलकी गायकाच्या गळ्यावर तर बसत नाही? आवाज निम्म्यावर नेताच चरचर सुरू झाली, तर तो टेप नको. गीतातला शब्दच गेला तर राहिले काय! रेडिओ मात्र दुकानात कळत नाही. बीड शहरात आकाशवाणी बीड सहज लागते. ओळखीच्या कुणाच्या गाडीत तोच टेप असेल तर तो मांजरसुंब्याच्या घाटात ऐकावा.

आवाजाला गोल बटन असलेलाच टेप घ्यावा. ते न बघता हाताला सापडते. काचेच्या पडद्यावर बोट कुठे पडले ते पाहावे लागते, आणि घाटाच्या वळणावर नजर हटली तर मागे बसलेल्या दहा जीवांचे काय?

फिटिंगच्या वेळी जवळ उभे राहावे. बहुतेक टेपना पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची. घाईत दोन्ही पिळून बॅटरीला जोडल्या की चावी काढली तरी टेप जागाच राहू शकतो. मग सकाळी गाडी ढकलायला घरची मंडळी! फ्यूजच्या जागी तार तर मुळीच गुंडाळू देऊ नये, आग लागते.

आणि पैसे मोजण्यापूर्वी जुने स्पीकर उघडून बघा. उन्हाने, धुळीने कागदी कोन फाटला असेल तर दोष टेपचा नसतोच. आधी स्पीकरची जोडी बदलून पाहावी.