बोली म्हणजे दरख्वास्त नव्हे

उर्दू शाळेत दरख्वास्त लिहायला शिकवतात. ‘बखिदमत जनाब’ने सुरुवात, पुढे ‘मुअद्दबाना गुजारिश है’ आणि शेवटी ‘ऐन नवाजिश होगी’. मराठीच्या तासाला तोच अर्ज ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’ असा वेष घेऊन येतो. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, तेव्हा दोन्हीकडचे नमुने चांगले ठाऊक आहेत. रजा मागायला, दाखला मागायला ते उत्तम. पण इंटरनेटवर काम मिळवताना हेच नमुने आडवे येतात.

हे लिहिण्याचे कारण आमच्या जुन्या विद्यार्थिनी. कोणी डी.एड., कोणी बी.एड. शिक्षक भरतीची वाट पाहत ‘पवित्र’ पोर्टलकडे डोळे लावून घरी बसलेल्या. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा, दोन्ही लिप्या सफाईने लिहिणारी माणसे देशात फार नाहीत, आणि या मुलींकडे तेच हुनर आहे. अपवर्क, फ्रीलान्सर अशा संकेतस्थळांवर अनुवाद, उपशीर्षके, मुद्रितशोधन, ध्वनिफीत ऐकून उतरवून काढणे अशी कामे येतात. (फायवरची रीत थोडी निराळी. तिथे आपण दुकान मांडायचे आणि ग्राहकाने यायचे.) काम टाकणारा जाहिरात देतो, करू इच्छिणारे बोली लावतात. मुली खाते उघडतात, महिनाभरात तीस-चाळीस बोली पाठवतात, उत्तर एकाचेही येत नाही. मग ‘हे सगळे खोटेच असते’ म्हणून मोबाइल बाजूला ठेवतात.

त्या बोली वाचायला मागितल्या की चित्र स्पष्ट होते. इंग्रजीत लिहिलेल्या असतात, पण आत दरख्वास्तच असते: ‘आदरणीय महोदय, मी बी.ए., बी.एड. असून मला चार भाषा येतात. मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक आहे. कृपया एक संधी द्यावी. मी कमी पैशांतही काम करीन.’

यात खोटे काही नाही. पण ग्राहकाच्या कामाबद्दल एक शब्दही नाही. हीच बोली उद्या शिवणकामाच्या जाहिरातीला जोडली तरी चालेल! मुख्याध्यापक अर्ज शेवटपर्यंत वाचतात, कारण ते त्यांचे काम आहे. इथे ग्राहकासमोर वीस, कधी पन्नासहून अधिक बोलींची यादी असते आणि यादीत प्रत्येकीच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. त्या दोन ओळी ‘आदरणीय महोदय’ आणि नाव-गाव सांगण्यात गेल्या, तर पुढची बोली उघडलीच जात नाही. हल्ली तर चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या गुळगुळीत बोलींचा पूर आला आहे. म्हणून काही ग्राहक जाहिरातीच्या शेवटी मुद्दाम एक शब्द पेरतात: ‘बोलीची सुरुवात अमुक रंगाच्या नावाने करा.’ तो शब्द ज्याने लिहिला नाही, त्याने जाहिरात वाचलीच नाही.

शिवाय बोली फुकट नसते. अपवर्कवर ‘कनेक्ट’ खर्च करावे लागतात. एक कनेक्ट 0.15 डॉलरचा, आणि एका कामाला कधी दहा-बारा कनेक्टही लागतात. म्हणजे एक बोली दीड डॉलरच्या पुढे जाऊ शकते. फ्रीलान्सरच्या मोफत खात्यालाही महिन्याला मोजक्याच बोली मिळतात. तेव्हा दिसेल त्या कामावर बोली लावणे म्हणजे घरचेच पैसे घालवणे. त्याऐवजी जाहिरात दोनदा वाचावी, मग ग्राहकाची माहिती पाहावी. त्याची पैसे भरण्याची सोय तपासलेली आहे का? आधी किती जणांना काम दिले, किती खर्च केला? हे तिथेच लिहिलेले असते. आमचे मत विचाराल, तर दिवसाला पाच पाठवण्यापेक्षा आठवड्याला पाचच पाठवाव्यात, पण प्रत्येकीला अर्धा तास द्यावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोणाला मधुमेहाची माहिती देणारी सहा हजार शब्दांची पुस्तिका मराठीतून उर्दूत हवी आहे. जो हे काम खरोखर जाणतो, त्याला जाहिरात वाचताच प्रश्न पडतात. मजकूर इनपेजमध्ये हवा की युनिकोडमध्ये? इनपेजच्या जुन्या फाइलमधला मजकूर वेबसाइटवर तसाच्या तसा चालत नाही, आणि हे अनेक ग्राहकांना माहीतच नसते. मूळ मराठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागेल. त्यात जोडाक्षरे बिघडतात, ती तपासायला वेळ जातो. पाने छापायला जाणार असतील, तर उर्दू उजवीकडून चालते, मग चित्रे आणि तक्ते यांची मांडणी उलटी कोण करणार? आणि वाचक कोण? दवाखान्यात येणाऱ्या बाईला ‘जियाबेतुस’ कळेल की ‘शुगर’?

बोली याच प्रश्नांतून तयार होते. ती साधारण अशी असावी:

‘तुमची मधुमेहाची पुस्तिका सामान्य रुग्णांसाठी दिसते, म्हणून मी जड अरबी-फारसी शब्दांऐवजी घरात बोलली जाणारी उर्दू वापरीन. मजकूर युनिकोडमध्ये देईन, म्हणजे तो छपाई आणि वेबसाइट दोन्हीकडे चालेल. सहा हजार शब्दांना तीन दिवस अनुवादाला आणि एक दिवस तपासणीला लागेल. तुमच्याच जाहिरातीतल्या पहिल्या परिच्छेदाचा अनुवाद सोबत जोडला आहे. एक विचारायचे आहे: तक्त्यांची मांडणी तुमचा डिझायनर करणार आहे का?’

संपले. पदव्या लिहायच्याच, पण त्या प्रोफाइलमध्ये. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याला उत्तर द्यावे लागते आणि बोलणे सुरू होते. अनुभव नाही म्हणून गप्प बसायचे कारण नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिराचे पत्रक दोन्ही भाषांत करून ठेवले, तर तेही नमुनेच आहेत. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवू नये. पुढच्याच संभाषणात ते उघडे पडते.

आता ‘कमी पैशांतही करीन’ या वाक्याकडे येऊ. आम्हाला सर्वात जास्त तेच खटकते. चांगला अनुवादक दिवसाला साधारण दोन हजार शब्द करतो. वरच्या कामाला चार दिवस लागतात. दिवसाच्या मेहनतीचे 1,200 रुपये धरले (हा आकडा फक्त हिशेबासाठी), तर हातात 4,800 रुपये यायला हवेत. संकेतस्थळाचे कमिशन 10 टक्के धरले, तर बोली साधारण 5,335 रुपयांची हवी. कमिशनचा दर जागेनुसार आणि काळानुसार बदलतो. अपवर्कवर पूर्वी एका ग्राहकाच्या पहिल्या 500 डॉलरवर 20 टक्के कापत असत. म्हणून आधी पाहून घ्यावा. पहिल्या कामाला थोडी सूट देणे ठीक. पण निम्म्या दराने बोली लावली की ग्राहकालाही शंका येते, आणि काम मिळालेच तर चौथ्या रात्री डोळे चोळत आपणच बसतो.

फसवणुकीबद्दल घरच्यांनीही ऐकून घ्यावे. नमुना म्हणून शे-दीडशे शब्द द्यायला हरकत नाही. पण ‘चाचणी’ म्हणून दहा पाने मागणारा कदाचित अख्खे पुस्तक दहा जणींकडून फुकटात करून घेत असेल. ‘नोंदणी फी’ किंवा ‘अनामत’ मागणारा ग्राहक नसतोच. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर या, पैसे बाहेरच देऊ, असे म्हणणाऱ्याला नकार द्यावा. त्यात संकेतस्थळाचे संरक्षण जाते आणि खातेही बंद होऊ शकते. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाने पैसे आधी संकेतस्थळाकडे जमा केलेले दिसले, तरच पहिली ओळ लिहावी.

खाते जिचे काम तिच्याच नावाचे हवे. ‘भाईजानच्या नावावर उघडू, पैसे त्यांच्या बँकेत येतील’ हे घराघरांत सहज ठरते, पण ओळखपत्राची तपासणी होते आणि नाव जुळले नाही की खाते अडकते. बऱ्याच मुलींकडे आधार असते, पण पॅन नसते, आणि बँकेचे खाते अब्बांसोबत संयुक्त असते. पहिली बोली पाठवण्याआधी ही दोन कामे उरकून घ्यावीत.