सर्व्हरची मंदगती व तिचे निदान

कार्यालयातील अनेक संगणकांना सामाईक फाइली पुरविणाऱ्या व दूरच्या ठिकाणाहून काम करणाऱ्या व्यक्तीला आत प्रवेश देणाऱ्या मध्यवर्ती संगणकाला सर्व्हर म्हणतात. हा संगणक बंद न पडता त्याचा प्रतिसाद नेहमीपेक्षा उशिरा येऊ लागला, म्हणजे फाइल उघडण्यास अथवा पासवर्ड स्वीकारला जाण्यास लक्षात येण्याइतका वेळ लागू लागला, की त्या स्थितीस सर्व्हरची मंदगती असे म्हणतात. मंदगती हा स्वतंत्र दोष नसून दुसऱ्या एखाद्या दोषाचे ते लक्षण असते. एकच लक्षण अनेक भिन्न कारणांनी उद्‌भवते आणि त्यांपैकी काही कारणांचा सर्व्हरच्या यंत्रसामग्रीशी संबंधही नसतो. त्यामुळे निदान न करता अधिक शक्तिमान सर्व्हर विकत घेतला, तरी विलंब पुष्कळदा तसाच राहतो. उलट डिस्क नादुरुस्त होण्याच्या मार्गावर असताना मंदगतीकडे दुर्लक्ष झाल्यास कार्यालयाचे अनेक वर्षांचे दप्तर नष्ट होण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी : दूरस्थ प्रवेश व फाइलींची देवघेव या संगणक-नेटवर्कच्या सर्वांत जुन्या सेवांपैकी आहेत. अमेरिकेतील आर्पानेट या नेटवर्कवर २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश करण्याचा पहिला प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचताच दूरचा संगणक बंद पडला, सु. एका तासानंतर प्रवेश मिळाला. फाइली पाठविण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलचा, म्हणजे संदेशवहनाच्या ठरावीक नियमांचा, पहिला मसुदा कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर अभय भूषण यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असताना एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. एफटीपीमध्ये संपूर्ण फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली जाते. फाइल सर्व्हरवरच ठेवून ती आपल्याच संगणकावर असल्याप्रमाणे वापरण्याची सोय पुढील काळात झाली. सन मायक्रोसिस्टिम्सची १९८४ मधील एनएफएस ही प्रणाली आणि आयबीएममध्ये सुरू होऊन मायक्रोसॉफ्टने वाढविलेला एसएमबी हा प्रोटोकॉल ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या सांबा या मुक्त आज्ञावलीमुळे युनिक्स व लिनक्स संगणकांनाही एसएमबी सेवा देता येऊ लागली. टेलनेट या जुन्या दूरस्थ प्रवेशपद्धतीत पासवर्ड उघड्या स्वरूपात जात असे. हेलसिंकी येथील विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही संकेतबद्ध पद्धत तयार केली.

गतीची दोन मापे : ‘नेटवर्क मंद आहे’ या तक्रारीत दोन भिन्न राशी एकत्र झालेल्या असतात. दर सेकंदास किती माहिती वाहून नेता येते, ती वहनक्षमता. आणि प्रश्न पाठविल्यापासून उत्तर येईपर्यंत जाणारा काळ, तो विलंब. कालवा रुंद केल्याने अधिक पाणी येते, परंतु पहिले पाणी शेतापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ त्यामुळे फारसा कमी होत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट वहनक्षमतेच्या नेटवर्कवर जास्तीत जास्त १२·५ मेगाबाइट माहिती दर सेकंदास जाऊ शकते. विलंबाला मात्र अंतराची मर्यादा असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लाख किमी. जातो. म्हणून ८०० किमी. लांबीच्या मार्गावरून प्रश्न जाऊन उत्तर परतण्यास किमान ८ मिलिसेकंद लागतात आणि मधल्या उपकरणांमुळे हा काळ आणखी वाढतो.

एक फाइल उघडताना सर्व्हर व वापरकर्त्याचा संगणक यांच्यात नाव, अधिकार, आकार, कुलूप इ. बाबींविषयी अनेक प्रश्नोत्तरे होतात. एका फाइलीस अशा ५ फेऱ्या लागतात व प्रत्येक फेरीस २० मिलिसेकंद जातात असे मानल्यास १,००० लहान फाइलींना १०० सेकंद लागतील. फाइलींचा एकूण आकार कितीही अल्प असला, तरी या काळात फरक पडत नाही. मोठ्या फाइलीचा वेगही विलंबामुळे घटू शकतो. टीसीपी या प्रोटोकॉलच्या मूळ रचनेत पोच मिळण्यापूर्वी ६४ किलोबाइटपेक्षा अधिक माहिती पाठविता येत नसे. एका फेरीस ५० मिलिसेकंद लागत असतील, तर अशा मार्गावर दर सेकंदास सु. १३ लाख बाइटच जातात. पुढे ही मर्यादा वाढविण्याची तरतूद झाली. परंतु वाटेतील एखाद्या जुन्या उपकरणाने ती तरतूद निष्फळ केल्यास दोष पुन्हा दिसू लागतो.

कारणे : (१) नावांचा शोध. संगणकाच्या नावावरून त्याचा अंकात्मक पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. अनेक सर्व्हर याच्या उलट शोधही घेतात, म्हणजे प्रवेश मागणाऱ्याच्या पत्त्यावरून त्याचे नाव विचारतात. नाव सांगणारा संगणक उत्तर देत नसेल, तर सर्व्हर ठरावीक काळ वाट पाहून पुन्हा विचारतो. लिनक्समध्ये हा काळ सामान्यतः ५ सेकंदांचा असतो. यामुळे होणारा विलंब दर वेळी जवळजवळ सारखाच असतो आणि एकदा प्रवेश मिळाल्यावर पुढील काम नेहमीच्या वेगाने चालते. ओपनएसएसएच या प्रचलित आज्ञावलीत असा उलट शोध मूळ मांडणीतच घेतला जाई. २०१५ मधील ६·८ या आवृत्तीपासून तो मूळ मांडणीतून वगळण्यात आला. कार्यालयाचा जुना नामसर्व्हर काढून टाकल्यावरही त्याचा पत्ता इतर संगणकांच्या यादीत प्रथम स्थानी राहणे, हे या दोषाचे नेहमी आढळणारे कारण आहे.

(२) केबल व स्विच. जुन्या ईथरनेटवर एका वेळी एकाच दिशेने संदेश जात. पुढे दोन्ही दिशांनी एकाच वेळी वहन शक्य झाले. दोन टोकांच्या उपकरणांनी वेग व पद्धत आपसांत ठरविण्याची सोय १९९५ च्या मानकाने सर्वत्र रूढ केली. एका टोकास ‘दुतर्फा, १०० मेगाबिट’ असे हाताने निश्चित केले व दुसरे टोक स्वयंनिर्णयावर ठेवले, तर दुसऱ्या टोकाला वेग ओळखता येतो, पण पद्धत कळत नाही आणि ते एकतर्फी वहन स्वीकारते. मग एक टोक बोलत असताना दुसरेही बोलू लागते व संदेशांची टक्कर होते. वाहतूक अल्प असताना सर्व ठीक भासते. मोठी फाइल पाठवू लागताच वेग कोसळतो. याशिवाय गिगाबिट वेगासाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटास दोन पुरतात. त्यामुळे दारात चेंगरलेल्या केबलमधील एक जोडी तुटल्यास संपर्क न तुटता वेग पुष्कळदा एक दशांशावर येतो.

गहाळ होणाऱ्या संदेशांचा परिणाम त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा असतो. संदेश गहाळ होणे म्हणजे मार्गावर गर्दी झाली, असे टीसीपी समजतो व आपला वेग कमी करतो. हे वर्तन १९८६ मधील एका प्रसंगानंतर त्यात आणण्यात आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली केंद्र यांच्यातील अंतर अवघे ४०० यार्ड असूनही त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातील वहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. उत्तर न मिळाल्याने प्रत्येक संगणक तेच संदेश पुनःपुन्हा पाठवीत होता व गर्दी वाढवीत होता. व्हॅन जेकबसन यांनी याची मीमांसा करून १९८८ मध्ये गर्दी टाळण्याचे नियम प्रसिद्ध केले. सदोष केबलमुळे शंभरात दोनतीन संदेश गहाळ झाले, तरी या नियमांमुळे वेग फार कमी होतो.

(३) प्रोटोकॉलचे वर्तन. प्रत्येक घटक नियमानुसार चालत असतानाही दोन नियमांच्या संयोगाने विलंब होऊ शकतो. अगदी लहान संदेशांची गर्दी टाळण्यासाठी पहिल्या संदेशाची पोच मिळेपर्यंत पुढचे लहान संदेश थोपवून धरावेत, असा उपाय जॉन नॅगल यांनी १९८४ मध्ये सुचविला. पोच देणारी बाजूही पोच थोडी उशिरा, सामान्यतः २०० मिलिसेकंदांपर्यंत थांबून, पाठविते. दोन्ही बाजू परस्परांची वाट पाहत राहिल्यास सेकंदाला जेमतेम पाच देवघेवी होतात. दुसरा दोष संदेशाच्या आकाराचा आहे. ईथरनेटवर एका वेळी १,५०० बाइटांचा मजकूर जातो. संकेतबद्ध खाजगी मार्गावर ही मर्यादा त्याहून कमी असते. ‘आकार कमी करा’ ही सूचना वाटेतील संरक्षक उपकरणाने अडविल्यास मोठे संदेश नाहीसे होतात. अशा वेळी पासवर्ड स्वीकारला जातो, परंतु फाइलींची लांब यादी मागताच पडदा गोठतो. तिसरा दोष साठवणीचा होय. कार्यालयाबाहेर जाणाऱ्या मार्गावरील उपकरणांत संदेश साठविण्याची जागा वाजवीपेक्षा अधिक असल्यास एखादी मोठी फाइल बाहेर जात असताना दूरस्थ प्रवेशातील प्रत्येक कळदाब त्या रांगेत अडकतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले.

(४) डिस्क व स्मृती. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय डिस्कचा एक फेरा ८·३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. इच्छित जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो व शीर्ष हलविण्यास आणखी सु. ८ मिलिसेकंद जातात. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी अशी डिस्क सेकंदाला सु. ८० च वाचू शकते, मग एका सलग फाइलीचा तिचा वेग कितीही चांगला असो. कामाच्या वेळात प्रतिलिपी अथवा विषाणुतपासणी चालू झाली, तर शीर्षाची धावपळ वाढते व सर्वांचे काम रेंगाळते. मुख्य स्मृती अपुरी पडल्यास संगणक तिच्यातील मजकूर वारंवार डिस्कवर हलवितो व परिणाम तोच होतो. डिस्कचा पृष्ठभाग खराब होऊ लागला म्हणजे ती एकच जागा अनेकदा वाचण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे काही विशिष्ट फाइली उघडण्यास कित्येक सेकंद लागतात. हे डिस्क निकामी होण्याचे पूर्वचिन्ह असू शकते.

निदानाची रीत : प्रथम तक्रारीची व्याप्ती निश्चित करतात. मंदगती एकाच संगणकावर असल्यास दोष त्या संगणकात अथवा त्याच्या केबलमध्ये, एका खोलीतील सर्व संगणकांवर असल्यास तेथील स्विचमध्ये आणि सर्वत्र असल्यास सर्व्हर किंवा नामव्यवस्थेत शोधणे सयुक्तिक ठरते. ती ठरावीक वेळीच होत असेल, तर त्या वेळी चालणारी कामे तपासतात. त्यानंतर तुलनात्मक चाचण्या घेतात. नावाऐवजी अंकात्मक पत्ता वापरल्यावर विलंब नाहीसा झाल्यास दोष नावांच्या शोधात असण्याचा संभव अधिक असतो. एक मोठी फाइल व तेवढ्याच एकूण आकाराच्या अनेक लहान फाइली यांना लागणारा वेळ मोजला असता वहनक्षमता व विलंब यांची फारकत होते. सर्व्हरवर प्रत्यक्ष बसून तीच फाइल उघडली असता ती तेथेही रेंगाळली, तर नेटवर्कला दोष देता येत नाही.

या कामी काही आज्ञावल्या उपयोगी पडतात. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली पिंग ही आज्ञावली एका फेरीचा काळ व गहाळ संदेशांचे प्रमाण सांगते. ट्रेसरूट वाटेतील टप्पे दाखविते. पिंगचे संदेश लहान असल्याने त्यांची उत्तरे चांगली आली, तरी मोठ्या फाइलीचा मार्ग निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. स्विचमधील दोषगणक पाहिल्यास टकरी व बिघडलेले संदेश यांची संख्या कळते. निर्णायक पुरावा नेटवर्कवरील संदेशांच्या नोंदीतून मिळतो. जेराल्ड कोम्ब्स यांची १९९८ मधील इथीरियल, म्हणजे २००६ पासूनची वायरशार्क, ही आज्ञावली प्रत्येक संदेश त्याच्या वेळेसह नोंदविते. प्रश्न गेल्यानंतरची दीर्घ शांतता कोणाच्या बाजूस आहे हे पाहिले, की दोषाचे स्थान निश्चित होते. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम लिहून ठेवणे आवश्यक असते. एकाच वेळी तीन बदल केले, तर कोणत्या बदलाने गुण आला हे समजत नाही आणि दोष पुन्हा उद्‌भवल्यास शोध मुळापासून करावा लागतो.

दक्षता : डिस्कविषयी थोडीही शंका असल्यास इतर चाचण्यांपूर्वी फाइलींची प्रतिलिपी अन्यत्र घ्यावी लागते, कारण जड चाचण्यांनी दुर्बल डिस्क कायमची निकामी होऊ शकते. वेग वाढविण्यासाठी संरक्षण शिथिल करणे हा उपाय ठरत नाही. संदेशांची सांकेतिक स्वाक्षरी बंद करणे, एसएसएचऐवजी टेलनेट वापरणे किंवा जुन्या यंत्रांसाठी एसएमबीची पहिली आवृत्ती चालू ठेवणे यांमुळे तक्रार कदाचित थांबते, पण कार्यालय उघडे पडते. याच जुन्या आवृत्तीतील एका दोषाचा फायदा घेऊन वॉनाक्राय हा घातक प्रोग्रॅम मे २०१७ मध्ये अनेक देशांतील संगणकांत पसरला व त्याने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या रुग्णालयांना त्याची मोठी झळ बसली. हा दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध केली होती. ती न बसविलेले संगणक बळी पडले.

सर्व्हर सुस्थितीत असतानाच एका फेरीचा काळ, मोठ्या फाइलीचा वेग, डिस्कचा प्रतिसाद व प्रवेशास लागणारा वेळ यांची नोंद ठेवल्यास पुढील निदान सुलभ होते. अशी नोंद नसेल, तर तक्रार खरी आहे की केवळ भास आहे, हेही ठरविणे कठीण जाते. मोठ्या संस्थांत ही मोजणी सतत व आपोआप होते. लहान कार्यालयात महिन्यातून एकदा हाताने केलेली नोंदही या कामी पुरेशी ठरते.