क्रूझचं तिकीट काढण्याआधी व्हिसावरची एक ओळ नक्की वाचा

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या मोहल्ल्याच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात हमखास फिरते. 'सिंगापूर-मलेशिया-थायलंड क्रूझ, आलिशान जहाज, जेवण समाविष्ट, व्हिसाची कटकट नाही.' यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात लोकांचे पैसे बुडतात, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो आहोत.

आपल्याकडे जहाजाचा प्रवास नवा नाही. आजोबांच्या पिढीत जहाज म्हणजे हजची वाट. मुंबईहून जिद्द्याला हाजींना घेऊन जाणारी जहाजं १९९५ पर्यंत चालू होती, आणि कोकणातल्या कित्येक घरांतले पुरुष खलाशी म्हणून आयुष्यभर समुद्रावर राहिले. पण सुटीसाठी, बायकामुलांना आणि अम्मी-अब्बांना घेऊन जहाजावर जाणं ही आताची गोष्ट. त्यामुळे घरात विचारायला कोणी अनुभवी माणूस नसतं. एजंट सांगेल तेच खरं धरलं जातं.

सगळ्यात जास्त चालणारा मार्ग धरू. मुंबईहून विमानाने सिंगापूर, तिथून जहाज, मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग, थायलंडचं फुकेत, आणि परत सिंगापूर. तीन ते पाच रात्री. आता व्हिसाचं गणित बघा. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतोच. तुम्ही विमानातून उतरलात, ही पहिली एंट्री. जहाजावर चढताना इमिग्रेशनवाले तुमची सिंगापूरमधून रवानगी नोंदवतात. चार दिवसांनी जहाज परत आलं की ती दुसरी एंट्री. परतीचं विमान त्याच संध्याकाळी असलं तरी बंदरापासून विमानतळापर्यंत जायला सिंगापूरमध्ये शिरावं लागतंच ना! म्हणजे व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. सिंगल एंट्रीचा असेल तर तो विमानतळावरच वापरून झाला.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं हेच झालं. सहा माणसं, सहा व्हिसे. पाचांवर मल्टिपल, आणि दादीच्या कागदावर सिंगल. एजंटने सगळे कागद एकाच पाकिटात घालून दिले आणि कोणी उघडून वाचले नाहीत. जहाजाच्या काउंटरवर दादीला थांबवलं. मग सून तिच्याबरोबर सिंगापुरात हॉटेलवर राहिली, बाकीचे चौघे गेले. दोघींच्या तिकिटाचा एक रुपयाही परत आला नाही. दादीने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता, या सहलीसाठी.

जहाज कंपनी इतकी कडक का वागते, असा प्रश्न पडतो. कारण साधं आहे. ज्या प्रवाशाला कुठल्या तरी बंदरात प्रवेश नाही, त्याला नेलं तर दंड आणि परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते. म्हणून मार्गावरच्या प्रत्येक देशाचे कागद ती निघतानाच तपासते. 'आम्ही फुकेतला उतरणारच नाही, जहाजावरच बसू' हे सांगून सहसा चालत नाही.

सिंगापूरचा व्हिसा भारतात अधिकृत व्हिसा एजंटांमार्फत ऑनलाइन होतो. त्यांची यादी सिंगापूरच्या दूतावासाच्या वेबसाइटवर असते. तुमचा एजंट त्या यादीत आहे का, किंवा तो कोणामार्फत अर्ज टाकणार, हे सरळ विचारा. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. अर्ज १४ए क्रमांकाच्या फॉर्मवर असतो. त्याच्याबरोबर येण्या-जाण्याचं तिकीट आणि क्रूझचं बुकिंग दोन्ही जोडा, म्हणजे दोनदा प्रवेश का हवा हे तिथल्या अधिकाऱ्याला दिसेल. किती एंट्री द्यायच्या हे शेवटी त्यांच्या हातात असतं. म्हणूनच व्हिसा आला की प्रत्येकाच्या कागदावरची एंट्रीची ओळ स्वतः वाचायची. आम्ही वर्गात मुलांना म्हणतो तसं, प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा.

फोटोबद्दल आपल्या बायकांना भीती असते. हिजाब असलेला फोटो चालतो. फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, सावली पडता कामा नये, आणि मागचा पडदा पांढरा हवा. पांढऱ्या पडद्यावर पांढरा दुपट्टा घालू नका, कडा दिसत नाहीत.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला आणि ही सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून व्हिसामुक्त यादीत भारताला घेतलं. जाहिरातवाले 'कटकट नाही' म्हणतात ते या दोन देशांमुळे. पण अशा सवलती सरकारं बदलत असतात, त्यामुळे बुकिंगच्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा दूतावासाच्या वेबसाइटवर बघा. शिवाय व्हिसा नसला तरी आगमनाचं ऑनलाइन कार्ड वेगळं असतं. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड, मलेशियाचं एमडीएसी, आणि १ मे २०२५ पासून थायलंडचं टीडीएसी. तिन्ही सरकारी साइटवर फुकट भरता येतात आणि पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरायचे असतात. गुगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या नकली साइट वर दिसतात, त्यांना बळी पडू नका. सिंगापूरचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हेही लक्षात असू द्या. जहाजाने येणाऱ्यांसाठी कोणतं कार्ड कधी भरायचं, हे क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

मार्ग वेगळा असेल तर हिशोब बदलतो. इंडोनेशियाचं बिंतान असेल तर तिथे पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, फी पाच लाख रुपिया. आकडा बघून घाबरू नका, आपले साधारण अडीच-तीन हजार होतात. व्हिएतनामला ई-व्हिसा आधी काढावा लागतो, एका प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचा ५०. त्या अर्जात कुठल्या बंदरातून शिरणार ते निवडायचं असतं, तिथे विमानतळ टाकून मोकळे होऊ नका. हाँगकाँगला भारतीयांनी आधी ऑनलाइन नोंदणी करायची असते. जपानचा व्हिसा मात्र नीट वेळ काढून, कागद जमवून, आधीच घ्यावा लागतो.

आता पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे आपण विसरतो आणि आईबापांच्या दहा वर्षांच्या हिशोबात चालतो. नवा साधा पासपोर्ट १५०० रुपयांत होतो, तत्काळला २००० जास्त. घरात कोणाचा हजसाठी नंबर लागला असेल आणि पासपोर्ट जमा करायचा असेल, तर तारखा आधी जुळवा, मग क्रूझचं बघा.

आपल्या समाजात एक अडचण नावाची. आधारवर शेख आधी, पासपोर्टवर शेख नंतर. एका कागदावर मोहम्मद पूर्ण, दुसऱ्यावर आखूड. कोणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. विमान, व्हिसा, क्रूझ आणि विमा या चारही ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, टाकायचं. घरात ज्या नावाने हाक मारतो ते नव्हे. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर एजंटला आधी सांगा. शक्य झाल्यास पासपोर्टच दुरुस्त करून घ्या, पुढे उमराहला जाताना पण उपयोगी पडेल.

दुसरी अडचण ईसीआर शिक्क्याची. अम्मी किंवा सासूबाई दहावी झालेल्या नसतील तर पासपोर्टवर 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असतं. मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया हे तिन्ही देश त्या यादीत आहेत, त्यामुळे काही एजंट 'क्लिअरन्स काढून देतो' म्हणून पैसे उकळतात. तो नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांचा आहे. सहलीला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही, परतीचं तिकीट आणि जिथे लागतो तिथे व्हिसा जवळ ठेवा, बस. आणि पन्नाशी ओलांडलेली व्यक्ती पासपोर्ट नव्याने काढताना तो शिक्का काढून घेऊ शकते.

खाण्याचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. मलेशियाजवळून फिरणाऱ्या जहाजांना मुस्लिम प्रवाशांची सवय आहे. 'जेंटिंग ड्रीम' या जहाजाला हलाल स्वयंपाकघराचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे. बाकी मोठ्या जहाजांवर हलाल जेवण मागणी केली तर मिळू शकतं, पण बुकिंग करतानाच लेखी मागणी करावी लागते. जहाजावर चढून मागितलं तर भाजी-मासळीवर दिवस काढावे लागतील. 'नो पोर्क, नो लार्ड' अशी पाटी म्हणजे हलाल नव्हे, हे मुलांना समजावून ठेवा. किनाऱ्यावर उतरल्यावर सिंगापुरात मुईसचं आणि मलेशियात जाकिमचं चिन्ह बघायचं. जहाजावर दारूही असते, कॅसिनोही असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना त्या वातावरणात जायचं नाही त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. जे जाणार आहेत त्यांनी पेयांचं पॅकेज एजंटने बिलात घुसवलं आहे का ते तेवढं बघावं. चहा, पाणी बऱ्याच जहाजांवर भाड्यातच असतं.

नमाजसाठी फोनमधल्या होकायंत्रावर केबिनमध्ये भरवसा ठेवू नका. चहूबाजूंनी लोखंड असल्याने सुई भलतीकडे जाते. सिंगापूरहून किबला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे. वरच्या उघड्या डेकवर जाऊन सूर्यावरून दिशा पक्की करा, किंवा केबिनमधल्या टीव्हीवर जहाजाचा नकाशा दिसत असेल तर त्यावरून. चालू जहाजावर उभं राहता येत असेल तर उभ्यानेच पढायची, चक्कर येत असेल तर बसून. मुसाफिर म्हणून कसर आहेच. मात्र दोन नमाजा एकत्र करण्याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, आणि आपले कोकणी भाऊ बहुतेक शाफई आहेत. तेव्हा एकाच केबिनमध्ये वाद घालण्यापेक्षा निघण्याआधी आपापल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

वेळेचाही घोळ होतो. सिंगापूर आणि मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, थायलंड दीड तास. फुकेतला उतरल्यावर फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो, जहाज मात्र सिंगापूरच्या वेळेवर चालू असू शकतं. परत चढायची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. आमचा सल्ला, हातात साधं मनगटी घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर लावा. समुद्रात असताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर तो जहाजाच्या नेटवर्कला लागतो आणि घरी आल्यावर बिल बघून चक्कर येते.

गरोदर बाई असेल तर आधी कंपनीला विचारा. २४ आठवडे होत असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. सहा महिन्यांखालचं बाळही चालत नाही. फुकेतला जहाज बऱ्याचदा लांब समुद्रात थांबतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गांनी त्या दिवशी जहाजावरच आराम केलेला बरा. पेनांगला मात्र त्यांना जरूर उतरवा. जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं आणि तिथून कपितान केलिंग मशीद जवळच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती उभारली. आजूबाजूला तमिळ मुस्लिमांची नासी कंदरची दुकानं आहेत, भात आणि वरून दोन-तीन रस्से. चार दिवस जहाजाचं फिकं खाल्लेल्या जिभेला बरं वाटतं.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतल्या भाड्यात बंदराचा कर आणि दर माणशी दर रात्रीचा सेवा आकार धरला आहे का ते विचारा. हा आकार शेवटच्या दिवशी बिलात दिसतो आणि मग नवरा-बायकोत बोलाचाली होते. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस कापतो, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. रिटर्न भरलं तर हिशोबात धरला जातो किंवा परत मिळतो. आपल्यातले पुष्कळ लोक रिटर्न भरतच नाहीत आणि ही रक्कम तशीच सोडून देतात. व्याजाच्या हप्त्यावर सहल विकणारे पण फिरत आहेत, त्यांना दुरूनच सलाम.

सामानात काय नको, तेही सांगतो. इस्त्री आणि पाण्याची किटली जहाजावर काढून घेतात. घरचं शिजवलेलं मटण, खिमा नेऊ देत नाहीत. सिंगापुरात च्युइंगम, ई-सिगारेट, गुटखा आणि खायची तंबाखू यांच्यावर बंदी आहे, आणि दंड चांगलाच बसतो. तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री अब्बांच्या सदऱ्याचे आणि दादीच्या बटव्याचे कप्पे एकदा हळूच चाचपून बघा.