वारली चित्रं सगळ्यांना ठाऊक, पण वारली भाषा? आरेतल्या पाड्यांवरची बोली कशी टिकणार?

कुर्ता, कॉफी मग, सोसायटीची भिंत. वारली चित्रं तुम्ही नक्की पाहिली असतील. पण वारली भाषा कधी ऐकली आहे का?

त्यासाठी डहाणूलाच जायला हवं असं नाही. मुंबईतल्या आरे कॉलनीत २७ आदिवासी पाडे आहेत. १९४९ मध्ये इथे दूध वसाहत झाली, त्याच्या आधीपासून वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं इथे राहतात.

मग अडचण काय?

वारलीला स्वतःची लिपी नाही, ती देवनागरीत लिहिली जाते. २०११ च्या जनगणनेत ती 'भिली/भिलोडी' गटात मोजली गेली. त्यात शाळेत मराठी, कामावर हिंदी. त्यामुळे शहरातल्या पाड्यांवर ही भाषा फक्त म्हाताऱ्या माणसांपुरती उरण्याचा धोका आहे.

दस्तावेजीकरण म्हणजे शब्दकोश का?

फक्त तेवढंच नाही. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, वाघदेवाच्या गोष्टी, रोजच्या गप्पा, भांडणंसुद्धा रेकॉर्ड करावी लागतात. मग 'इलान'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक वाक्य ऐकून ते लिहायचं आणि त्याचा अर्थ नोंदवायचा. तासाभराच्या रेकॉर्डिंगला कित्येक तास लागतात.

पाड्यातली माणसं सोबत का हवीत?

बाहेरच्या अभ्यासकाने 'भाजी'ला काय म्हणतात विचारलं, तर एक शब्द मिळतो. पाड्यातल्या आजीबरोबर पावसाळ्यात रानात फिरलं, तर प्रत्येक रानभाजीचं नाव, ती कधी खुडायची, कशी शिजवायची, सगळं मिळतं. शिवाय कोणतं गाणं बाहेर द्यायचं आणि कोणतं नाही, हे पाड्यानेच ठरवायला हवं. रेकॉर्डिंगची प्रतही पाड्यात राहायला हवी.

गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. त्यातले अनेक लेख त्या त्या भाषा बोलणाऱ्यांनीच लिहिले.

आरेत घाई कशासाठी?

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. रान गेलं, पाडा इमारतीत हलवला, तर रानभाज्यांची नावं मुलांच्या कानावर पडणार कधी? रेकॉर्डिंगमध्ये ती नावं राहतील, पण बोलण्यात राहायची तर पाडा आणि रान दोन्ही लागतील.

तोवर एक काम पाड्यातली तरुण मुलं आजच करू शकतात. मोबाइल हातात आहेच. आजीला विचारून रेकॉर्डिंग सुरू करायचं.