एक प्रिंटर व अनेक संगणक

वाड्यांत विहीर एकच असते, पण पाणी सगळीं बिऱ्हाडें भरतात. प्रत्येक बिऱ्हाडानें आपली निराळी विहीर खणावी, असें कोणी म्हणत नाहीं. प्रिंटरचेंहि तसेंच आहे. घरांत किंवा शाळेंत चार संगणक असले म्हणून चार प्रिंटर विकत घ्यावे लागत नाहींत. एक चांगला प्रिंटर जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, बसविला कीं तो सर्वांचें काम करतो. तथापि संगणकावर लिनक्स ही प्रणाली असली म्हणजे पुष्कळांच्या मनांत शंका येते कीं, ही जोडणी आपल्याच्यानें होईल काय? ती खचित होते. आणि कशी होते हें एकदां समजलें, तर पुढें कांहीं अडल्यास दुसऱ्याचें तोंड पाहावें लागत नाहीं. तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रिंटर आणि लिनक्स यांचा संबंध जुना आहे. सन १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत लेसर प्रिंटर आला. कागद अडकला तर तें दूर बसलेल्यांस कळावें, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांस करावयाची होती. परंतु त्या यंत्राच्या प्रोग्रामची मूळ संहिता मागूनहि त्यांस मिळाली नाहीं. ज्ञान कुलुपांत राहूं नये, या विचारास त्या प्रसंगानें बळ आलें. स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्यें फिनलंडमधील लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगांतून आजची प्रणाली उभी राहिली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. प्रिंटरपर्यंत काम पोंचण्यास तीन गोष्टी लागतात: पत्ता, भाषा आणि रांग. पत्ता म्हणजे जाळ्यावरील प्रिंटरचा क्रमांक, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. भाषा म्हणजे छापावयाचें पान यंत्रास समजेल असें सांगण्याची रीत. पूर्वीं निरनिराळ्या कंपन्यांचे प्रिंटर निरनिराळ्या भाषा बोलत, म्हणून प्रत्येकासाठीं ड्रायव्हर नांवाचा दुभाष्या संगणकावर ठेवावा लागे. आतां बहुतेक नव्या प्रिंटरांस आयपीपी ही सामाईक बोली येते, व तिच्याच आधारानें चालणाऱ्या आयपीपी एव्हरीव्हेअर या पद्धतीमुळें निराळ्या दुभाष्याची गरज राहत नाहीं. तिसरी गोष्ट रांग. अनेकांनीं एकाच वेळीं कामें पाठविलीं तर तीं एकामागून एक जावींत, ही व्यवस्था कप्स नांवाचा प्रोग्राम पाहतो. मायकेल स्वीट यांनीं तो १९९७ पासून रचण्यास आरंभ केला व १९९९ मध्यें तो लोकांपुढें आला. लिनक्सच्या बहुतेक आवृत्तींबरोबर तो आयता मिळतो.

प्रत्यक्ष कृति पुढीलप्रमाणें करावी. प्रथम प्रिंटर तारेनें किंवा वायफायनें घरच्या राउटरशीं जोडावा. प्रिंटरच्या पडद्यावर, अथवा त्यानें छापून दिलेल्या माहितीपत्रकावर, त्याचा पत्ता सांपडतो. तो टिपून ठेवावा. राउटर हे पत्ते बहुधा उसने वाटतो व ते बदलूं शकतात. यास्तव राउटरमध्येंच प्रिंटरसाठीं तो पत्ता राखून ठेवावा. बिऱ्हाड बदलणाऱ्यास पत्र पोंचत नाहीं, तशी गत मग होत नाहीं.

त्यानंतर संगणकाच्या सेटिंग्जमध्यें प्रिंटर्स हें पान उघडून नवा प्रिंटर जोडण्याचें बटण दाबावें. पुष्कळदां प्रिंटरचें नांव तेथें आपोआप दिसतें. तें निवडलें कीं काम झालें. नांव न दिसल्यास ब्राउझरमध्यें लोकलहोस्ट:६३१ हा पत्ता लिहावा, म्हणजे कप्सचें पान उघडतें. तेथील व्यवस्थापनाच्या भागांत नवा प्रिंटर जोडतांना आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट अशा धर्तीचा पत्ता द्यावा, व प्रकार म्हणून आयपीपी एव्हरीव्हेअर निवडावा. प्रत्यक्ष लिहितांना हीं अक्षरें लहान रोमन लिपींत, आंकडे इंग्रजी पद्धतीचे व पत्ता आपल्या प्रिंटरचा असावा. प्रिंटर जुना असून ही बोली जाणत नसेल, तर मात्र त्याच्या जातीचा ड्रायव्हर निवडावा लागतो.

शेवटीं कागदाचा आकार ए४ केला आहे कीं नाहीं तें पाहावें. अमेरिकेंत चालणारा लेटर कागद २१६ मिलिमीटर रुंद व २७९ मिलिमीटर उंच असतो. आपला ए४ हा २१० रुंद व २९७ उंच. संगणक लेटर मागत असला आणि प्रिंटरमध्यें ए४ असला, तर प्रिंटर कागदाची वाट पाहत स्वस्थ बसूं शकतो, आणि आपण मात्र यंत्र बिघडलें असें समजतों.

मराठी छपाईविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जुने कांहीं प्रिंटर केवळ अक्षरांचे क्रमांक घेऊन आपल्या पोटांतील ठरीव अक्षरें छापीत. तेथें देवनागरी नसली कीं उपाय खुंटे. आतां अक्षरांची जुळणी संगणकच करतो व पूर्ण पान प्रिंटरकडे धाडतो. म्हणून जोडाक्षरें तुटलेलीं दिसल्यास दोष बहुधा संगणकावरील फॉन्टचा असतो, प्रिंटरचा नव्हे. मजकूर दुसऱ्या संगणकावरून छापावयाचा असेल, तर त्याची पीडीएफ करून न्यावी; तींत फॉन्टहि बरोबर जातो.

इतकें करूनहि पान न निघाल्यास एकदम सर्व पुसून नव्यानें आरंभ करूं नये. क्रमानें पाहावें. प्रिंटरमध्यें वीज, कागद व शाई आहे ना? त्याचा पत्ता तोच आहे ना? कप्सच्या पानावर रांग थांबलेली तर नाहीं? थांबली असल्यास ती पुन्हां चालू करावी. तेंच काम पुन्हां पुन्हां पाठविण्याचा मोह टाळावा. कारण अडथळा दूर होतांच दहाच्या दहा प्रती बाहेर पडतात आणि कागद फुकट जातो.

आणखी एक सावधगिरी. सार्वजनिक विहिरीची निगा जशी सर्वांनीं राखावयाची, तशीच या यंत्राचीहि. गोपनीय कागद, मग ती प्रश्नपत्रिका असो वा वैद्याचा अहवाल, छापावयास धाडला कीं लगेच जाऊन उचलावा. प्रिंटरचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि तो बाहेरच्या इंटरनेटवर उघडा ठेवूं नये. नाहींतर परका मनुष्यहि आपल्या कागदावर हवें तें छापूं शकेल.

विद्यार्थिमित्रहो, हें काम एकदां स्वतःच्या हातानें करून पाहा. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलांस त्यासाठीं एक सुटीचा दिवस द्यावा. ज्याच्यासाठीं जुना संगणक टाकून देण्यास निघालों होतों, तोच लिनक्स घालून पुन्हां उपयोगी पडतो, आणि घरांतील एकच प्रिंटर सर्वांस पुरतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. पैसा वांचतो हा एक लाभ. परंतु अडचण आली असतां कारण शोधावें, क्रमानें शोधावें, आणि सांपडलेलें दुसऱ्यास सांगावें, ही संवय लागते हा त्याहून मोठा लाभ होय.