जोर कोणता, शब्द कोणता?

पनवेलच्या एखाद्या खातेदाराची जमीन रस्त्यासाठीं मोजावयाची आहे, अशी कल्पना करावी. मोजणीदार बांधावर येतात. खातेदार हात जोडून, पण ठामपणें सांगतो कीं, नोटीस मिळाल्यावांचून मोजणी होऊं देणार नाहीं. संध्याकाळीं त्याचा शिकलेला पुतण्या इंग्रजींत अर्ज लिहावयास बसतो. 'माझ्या चुलत्यांनीं जोरदार विरोध केला' हें मराठी वाक्य त्याच्या मनांत तयार असतें. जोर म्हणजे फोर्स, तेव्हां जोरानें म्हणजे फोर्सिब्ली, असा सरळ हिशेब करून तो 'फोर्सिब्ली रिझिस्टेड' असें लिहून मोकळा होतो. त्यांत व्याकरणाची चूक एकही नाहीं. परंतु वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो हात जोडलेला चुलता नव्हे, तर मोजणीदाराचा हात धरणारा, कदाचित् त्यास ढकलून देणारा मनुष्य! एका क्रियाविशेषणानें अर्जदाराचा आरोपी केला.

हें भय अगदींच काल्पनिक नाहीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३४९ व्या कलमांत फोर्स या शब्दाची व्याख्या होती. दुसऱ्याला गति देणें, त्याची गति बदलणें किंवा थांबविणें, असा तिचा आशय होता. म्हणजे तो शब्द शरीराशीं जखडलेला होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, तरी व्याख्येचा गाभा तोच राहिला आहे. सरकारी नोकराला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठीं फौजदारीपात्र बलप्रयोग करणें हा दोन्ही कायद्यांत अपराधच. अर्जांतील एका शब्दावरून कोणी दोषी ठरत नाहीं हें खरें. पण आपल्याच सहीचा असा कागद प्रतिपक्षाच्या हातीं द्यावयाचा कशाला?

घोटाळ्याचें मूळ मराठीच्या औदार्यांत आहे. पाऊस जोराचा, हांक जोराची, मागणीहि जोराची आणि विरोधहि जोरदार. इंग्रजी मात्र प्रत्येक वेळीं विचारतें कीं, हा जोर कशाचा? अंगाचा, वाणीचा कीं मनाचा? या तीन प्रकारांची ओळख पनवेल तालुक्यांतील शिरढोण गांवीं ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्या चरित्रावरून चांगली पटते.

पहिला जोर अंगाचा. १८७९ च्या मे महिन्यांत फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनीं कोंकणांत उतरून पनवेलजवळच्या पळस्पे येथें दरोडा घातला. तेथील ऐवज नेला तो फोर्सिब्ली. पुढें एडनच्या तुरुंगांत असतां फडक्यांनीं कोठडीचें दार बिजागऱ्यांतून उचकटून पलायन केलें, तेंहि फोर्सिब्ली. या शब्दांत कोणाची तरी इच्छा मोडली जाते, नाहीं तर एखादी वस्तु तरी मोडते. मराठींत ज्या ठिकाणीं 'बळजबरीनें' किंवा 'बळानें' म्हणतां येईल, तेथेंच तो शोभतो.

दुसरा जोर वाणीचा. पुण्यांत फडक्यांनीं इंग्रजी राज्याविरुद्ध जहाल व्याख्यानें दिलीं. वक्त्याचा मुद्दा बिनतोड असून तो श्रोत्यांच्या मनावर बिंबत असेल, तर तो फोर्सफुली बोलला. त्याच्या बोलण्यांत संताप धगधगत असेल, तर व्हेहेमंटली. मराठींत आपण 'आवेशानें' किंवा 'त्वेषानें' म्हणतों. बंदुकींत दारू ठासावी तसें एखादें विधान ठासून सांगितलें, तर एम्फॅटिकली. फोर्सिब्ली आणि फोर्सफुली हीं एकाच मुळाचीं भावंडें खरीं; पण एकाचा हात समोरच्याच्या दंडावर पडतो, तर दुसऱ्याचा बहुधा त्याच्या बुद्धीवर.

तिसरा जोर मनाचा, आणि खरी पारख येथेंच लागते. निश्चय एकदां करून त्यापासून न ढळणें म्हणजे रेझोल्यूटली. हा आपला 'निर्धारानें'. समोरून आग्रह झाला तरी शांतपणें जागा न सोडणें म्हणजे फर्मली, हा 'ठामपणें'. कुत्र्यावरून डॉगेडली हा शब्द आला. त्याला आपल्याकडे 'नेटानें' आणि 'चिकाटीनें' हे शब्द आहेत. जुलै १८७९ मध्यें फडके पकडले गेले, तेव्हां ते तापानें फणफणले होते. अशा अंगानें एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत चालत राहणें हें डॉगेडली. निकरानें लढणाऱ्यासाठीं डेस्परेटली आहे; पण त्याच्या मुळाशीं आशा सुटल्याचा अर्थ आहे. म्हणून जेथें आशा शाबूत आहे, तेथें तो शब्द जपून वापरावा.

यांतच ऑब्स्टिनेटली येतो, म्हणजे 'हट्टानें' किंवा 'हेकटपणें'. तो आणि रेझोल्यूटली यांत कृतीचा भेद नाहीं; भेद आहे तो बोलणाऱ्याच्या मताचा. एखाद्या बंद्यानें प्रश्नांचीं उत्तरें नाकारलीं, तर तुरुंगाधिकारी आपल्या टिपणांत पहिला शब्द लिहील आणि बंद्याचा चाहता दुसरा. क्रियाविशेषण हें क्रियेचें वर्णन करतें, असें शाळेंत शिकवितात. तें लिहिणाऱ्याची बाजूहि सांगून जातें, ही गोष्ट सहसा शिकविली जात नाहीं.

याखेरीज, कोणत्या क्रियापदाशीं कोणाचा घरोबा आहे तेंहि पाहावें लागतें. हरकत घ्यावयाची ती स्ट्राँगली, शिफारसहि स्ट्राँगलीच. नकार द्यावयाचा तो फर्मली, आणि साफ नाकारावयाचें असेल तर फ्लॅटली. विश्वास ठेवावयाचा तोहि फर्मली. एक खड्डा मात्र आवर्जून टाळावा. हार्ड म्हणजे कसून, म्हणून कसून काम केलें तें हार्डली, असा तर्क करून अनेक जण फसतात. हार्डली म्हणजे जेमतेम! 'मुलगा हार्डली अभ्यास करतो' असें प्रगतिपुस्तकावर आलें, तर पेढे वाटण्याचें कारण नाहीं.

इतकीं बारीक निवड कशी साधावी? उपाय इंग्रजी कोशांत शोधण्याआधीं मराठींत शोधावा. 'जोरानें' हा शब्द मनांत आला कीं लेखणी क्षणभर थांबवावी आणि विचारावें: बळजबरीनें, आवेशानें, ठासून, ठामपणें, निर्धारानें, नेटानें कीं हट्टानें? मराठी शब्द नेमका सांपडला म्हणजे इंग्रजी शब्द पुष्कळदां आपण होऊन पुढें येतो. ज्याला आपल्या भाषेंतला भेद जाणवत नाहीं, त्याला परभाषेंतला भेद पाठ करूनहि लाभत नाहीं.

आतां त्या पुतण्याकडे वळावें. चुलत्यानें कोणाला हात लावला नव्हता, आवाजहि चढविला नव्हता. तो आपल्या म्हणण्यावर ठाम होता, एवढेंच. तेव्हां अर्जांत 'स्ट्राँगली ऑब्जेक्टेड' लिहावें, किंवा संमति 'फर्मली' नाकारली असें लिहावें. विरोधाची धार त्यानें तसूभरहि कमी होत नाहीं, आणि चुलत्याचे जोडलेले हात कागदावरहि जोडलेलेच राहतात.