पहिल्यांदा बँकॉक-हनोईला जाताना : तिथले ताट समजून घेऊ या

आपले तरुण आता बँकॉक, हनोईची पहिली सहल आखू लागले आहेत. तांबडा-पांढरा रस्सा खाणाऱ्या कोल्हापुरातही "बौद्ध असून मांसाहार कसा करता?" हा टोमणा आपल्या मुलामुलींना ऐकावा लागतो. त्याचे उत्तर या सहलीत सापडू शकते, असे आम्हाला वाटते.

बँकॉकमध्ये पहाटे लवकर उठा. भिक्खू अनवाणी, पात्र घेऊन निघालेले दिसतील. थाई लोक याला 'बिंथबात' म्हणतात. पालीतला 'पिंडपात' तो हाच. उपासक भात, भाजी, मासे, मांस असे जे देतील ते भिक्खू स्वीकारतात आणि मध्यान्हानंतर जेवत नाहीत. विनयात मांसासाठी तीन अटी आहेत : आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, तशी शंकाही नसावी. भिक्खूंवर मासे-मांसबंदी घाला, ही देवदत्ताची मागणी बुद्धांनी मान्य केली नाही, हेही विनयातच नोंदलेले आहे.

व्हिएतनाममधील महायान परंपरेत मात्र भिक्खू शाकाहारी असतात. अनेक उपासक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस टाळतात. तिथे पाटीवर 'चाय' दिसले तर तो चहा नव्हे, शाकाहार! थायलंडमध्ये शाकाहारासाठी 'जे' म्हणा. त्यात कांदा-लसूणही नसतो. एरवी भाजीतसुद्धा माशांचा सॉस असतो.

म्हणजे धम्म एक, पण ताटे दोन. मांस टाळणारा करुणेपोटी टाळतो. खाणाऱ्याला तो विटाळलेला मानत नाही. आपल्याकडे ताटावरून माणसाची पायरी ठरवली गेली, हा खरा फरक आहे. त्या देशांत सगळी समता आहे, असा भाबडा समज नको. म्यानमारमधील रोहिंग्यांचे हाल आपण पाहिले आहेत.

बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला गेले होते. रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात स्थापन केली. त्याच्याही आधी, आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथला चहा पिऊन विटाळ मोडला.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, सेल्फी जरूर काढा. पण परतल्यावर एखाद्या रविवारी विहारात बसून, तिथे कोण कोणासोबत काय जेवत होते, तेही सांगा.

जय भीम, नमो बुद्धाय!